वेढे मोजणारं चाक

धाकटीच्या जिभेला हाड नव्हतं, आणि पोटापाण्यासाठी तिनं काम नेमकं असं धरलं, की तोंड उघडलं तर केलेलं सगळं वाया. शोध लावणाऱ्या माणसांवरची मुलांची पुस्तकं तुम्ही पाहिलीच असतील. त्यात दाढीवाले असतात, प्रयोगशाळा असते, आणि बायको असलीच तर ती चहा घेऊन येते. या गोष्टीतही चहा आहे. पण इथं चहा करणारी शोध लावते आणि पिणारा तो आपल्या नावावर खपवतो, म्हणून ही गोष्ट जरा नीट सांगायला हवी.

कारखाना मोटर दुरुस्तीचा. पाण्याचे पंप, गिरण्या, मोठे पंखे यांच्या मोटरी जळल्या की इथं यायच्या. खिडकीखाली एक लांब टेबल, टेबलावर हँडलची आठ यंत्रं आणि प्रत्येकापुढं एक बाई. तांब्याची तार रिळावरून घ्यायची, साच्यात अडकवायची आणि हँडल फिरवत वेढे घालायचे. किती वेढे, ते पाटीवर खडूनं लिहिलेलं असे. शहाऐंशी म्हणजे शहाऐंशी. पाच-दहा कमी पडले, तर मोटर सुरू झाल्यावर तापायची आणि महिन्याभरात धूर काढून परत यायची. वेटोळं तयार झालं की प्रत्येक बाई ते आपापल्या रंगाच्या दोऱ्यानं बांधायची. त्यामुळं मोटर जळून परत आली, की आत उघडून बघायचं आणि कुणाचा दोरा आहे ते ओळखायचं. त्यात लपवाछपवीला जागाच नव्हती.

मोजायचं मनातल्या मनात. दहा वेढे झाले की डाव्या वाटीतलं एक बटण उजव्या वाटीत टाकायचं. म्हणून टेबलावर बोलायला बंदी. बंदी का, हे नव्यानं आलेल्या प्रत्येक बाईला एकच किस्सा सांगून समजावलं जाई. एका बाईला चाळिसाव्या वेढ्यावर कुणीतरी विचारलं, "मुलं किती गं तुला?" ती म्हणाली, "तीन." आणि पुढं चार, पाच, सहा करत शहाऐंशीपर्यंत गेली. ते वेटोळं इतकं जाडजूड झालं, की कुठल्याच मोटरीच्या खाचेत बसेना. मिस्त्रीनं ते भिंतीवर टांगून ठेवलं होतं.

आणि अशा ठिकाणी धाकटी. घरी ती भिंतीशीसुद्धा बोलायची. बसच्या रांगेत उभी राहिली, तर बस येईपर्यंत पुढच्या बाईच्या सुनेचं माहेर तिला ठाऊक झालेलं असे. तिला इथं आणली ती तिच्या मोठ्या जावेनं. दोघी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहायच्या. कारखान्यात सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत. थोरली टेबलाच्या पहिल्या खुर्चीवर, खिडकीपाशी. तिचा दोरा निळा. तिच्या हाताखाली तार अशी शिस्तीत बसायची, की नव्या बायकांना मिस्त्री सांगायचा, "निळ्या दोऱ्याचं वेटोळं बघा आणि तसं करा." थोरली बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. लग्न होऊन आलेल्या धाकटीला तिनं पहिल्या वर्षी हे काम शिकवलं, तेही एकदाच आणि बोट न दाखवता. चुकलं की नुसती वर बघायची. धाकटीला सासूचा धाक नव्हता तेवढा त्या नजरेचा होता, आणि माया म्हणाल तर तीही आईइतकीच होती.

घरात थोरली कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची वहिनी. टेबलावर मात्र ती पहिल्या खुर्चीची बाई. सव्वीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती. ती खुर्ची गेली असती तर थोरली घरी काय करत बसली असती, हा विचारसुद्धा कुणाला सुचला नसता.

आणि मग निळ्या दोऱ्याची एक मोटर जळून परत आली.

मिस्त्रीनं ती उघडली, दोरा बघितला, पुन्हा बघितला आणि कुणाला काही न बोलता बाजूला ठेवली. दोन महिन्यांनी दुसरी आली. आत वेढे मोजले तर शहात्तर. बरोब्बर दहा कमी. मिस्त्री माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या डोक्यावर मालक होता आणि मालकाच्या डोक्यावर गिऱ्हाईक. तो थोरलीच्या खुर्चीपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." थोरलीनं मान डोलावली.

चष्म्याचा काही संबंध नव्हता. त्याच आठवड्यात जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थोरली थांबली. धाकटी मागून बडबडत येत होती, ती तिच्यावर आपटलीच.

"मी बटण टाकलं की नाही, ते मला आठवत नाही गं," थोरली म्हणाली. "हात वाटीपाशी असतो. पण टाकून परत आलाय, की टाकायला निघालाय, ते कळत नाही."

"दमल्या असाल, जाऊबाई. झोप लागत नसेल."

"झोप लागते. परवा किल्ली पिठाच्या डब्यात सापडली." थोरलीनं कठडा घट्ट धरला. "कुणाला बोलू नकोस. तुझं तोंड मला माहीत आहे, म्हणून सांगते. याबद्दल नको."

धाकटीनं नुसती जावेच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोघी वर गेल्या.

त्यानंतर धाकटीनं एक उद्योग सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका बाहेर गेल्या, की ती थोरलीची वेटोळी उचलायची, शंका आली की सोडवायची, पुन्हा वेढे घालायची आणि निळ्याऐवजी आपला लाल दोरा बांधायची. डबा तसाच घरी परत जायचा. पण सगळी वेटोळी तिच्या हातून सुटणार थोडीच? तिसरी मोटर परत आली, तिच्यातलं कमी भरलेलं वेटोळं निळ्या दोऱ्याचं होतं. या वेळी मिस्त्रीनं सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. "मालकांचा निरोप आहे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पुढची मोटर जळून आली, की आत ज्या दोऱ्याचं वेटोळं कमी भरेल, ती बाई दुसऱ्या दिवसापासून घरी. खुर्ची कितवी का असेना."

थोरलीनं काहीच ऐकलं नसल्यासारखं हँडल हातात धरलं. धाकटीनं मात्र त्या क्षणी ठरवलं, की काही झालं तरी ही खुर्ची जाऊ द्यायची नाही.

तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण तिला एक सवय होती. कुठलीही वस्तू दिसली, की ती कशी चालते ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शेजारणीचं शिलाई मशीन तिनं दोनदा उघडून जोडलं होतं, त्यातलं एकदा शेजारणीला न विचारता. तिला वाटलं, वेढे आपण मोजायचेच कशाला? हँडल फिरतंय ना, मग हँडललाच मोजू दे. हँडल एकदा फिरलं, की एका दात्यानं पुढं सरकेल असं चाक हवं. चाकाला शंभर दाते हवेत.

शंभर दाते म्हणणं सोपं आहे. वर्तुळाचे सारखे शंभर भाग करा बघू. कंपास नाही, कोनमापक नाही, असलं तर ते कसं धरायचं ते माहीत नाही. धाकटीनं कागदावर करून बघितलं, तर एका बाजूला दाते गच्च आणि दुसऱ्या बाजूला ऐसपैस. आठवड्याच्या दोन सुट्ट्या त्यात गेल्या. तिसऱ्या सुट्टीला शेजारणीकडं बसली असताना शेजारीण टेपनं बाहीचं माप घेत होती, आणि धाकटी बोलता बोलता मध्येच गप्प झाली. शेजारणीला वाटलं, हिला चक्कर आली की काय.

टेपवर सेंटिमीटर असतात. शंभर सेंटिमीटर. ज्या गोल वस्तूभोवती बरोबर शंभर सेंटिमीटर टेप बसेल, तिचे शंभर भाग आधीच झालेले आहेत. करायचे नाहीतच.

मग काय विचारता. टेप गळ्यात घालून ती घरभर फिरली. बादल्या, झाकणं, तबकं, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांच्या कमरा मोजून झाल्या. एक लहान, तर दुसरं मोठं. शेवटी तिची नजर लाकडी स्टुलावर गेली. वरची फळी गोल, घेर चौऱ्याण्णव. सहा कमी. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिनं फळीच्या कडेला गुंडाळली, थरावर थर, आणि टेपचं टोक बरोबर शंभराच्या रेघेला येऊन भेटलं. सेंटिमीटरच्या प्रत्येक रेघेवर तिनं एक बारीक खिळा ठोकला. नवरा संध्याकाळी येऊन सवयीनं बसायला गेला, तर स्टुलाला नुसते पाय.

"बसायचं कुठं?" त्यानं विचारलं.

"पलंग आहे की. आणि भावजींनाही सांगून ठेवा, उद्या त्यांचं स्टूल नेणार आहे. मला दोन लागतात."

नवरा समजूतदार होता, किंवा दमलेला होता. तो पलंगावर बसला.

भंगारात पडलेलं हँडलचं एक यंत्र आणि थोडी जुनी तार तिनं मिस्त्रीकडून मागून घरी आणली होती; त्या यंत्राला लावल्यावर मोजायचं काम चाकानं पहिल्याच दिवशी केलं. पण धाकटीला तेवढं पुरणार नव्हतं. चाकाकडं बघायचंच जी विसरली, तिला चाकावरचा आकडा काय कामाचा? तिनं दोन-तीन युक्त्या करून बघितल्या, थोरलीला समोर बसवून, घरीच, भर दुपारी, दार लावून. शेवटची युक्ती चालली ती अशी. जितके वेढे हवेत तितक्याव्या खिळ्यापाशी एक लांब कडी लावायची. चाक फिरत फिरत तिथं आलं, की ती कडी एका खिटीला धक्का देई, खिटी खाली पडे आणि हँडल अडके. पुढं जायचंच नाही. जोर लावा, नाही तर लोंबकळा. थोरलीनं डोळे मिटून शहाऐंशी वेढे घातले, हँडल अडकलं. दोघींनी तार उलटी सोडवत मोजली. शहाऐंशी. पुन्हा केलं, पुन्हा शहाऐंशी. थोरलीनं जावेकडं बघितलं. ती नजर चुकल्यावरची नव्हती. धाकटीनं पटकन उठून चहा टाकला, कारण नाहीतर ती रडली असती.

कारखान्यात मिस्त्रीपुढं तिनं आपलं नेहमीचं सोंग घेतलं. "मिस्त्री, माझं तोंड काही बंद राहत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून हे चाक केलंय. एक माझ्या यंत्राला लावते. आणि एक जाऊबाईंच्या लावू या, म्हणजे मी खोटं बोलत नाही ते त्या सांगतील." मिस्त्री हसला, बायका हसल्या. बडबडीनं बडबडीसाठी यंत्र केलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

महिनाभरात मिस्त्रीनं बघितलं, की लाल आणि निळ्या दोऱ्याचं एकही वेटोळं चुकत नाही. त्यानं चाक पत्र्याचं करून घेतलं, खिळ्यांच्या जागी दाते आले आणि आठही यंत्रांवर ते बसलं. टेबलावर बोलायची बंदी उठली. थोरलीच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत हँडल फिरत असताना गप्पा ऐकू आल्या. दुसऱ्या कारखान्यांतून लोक बघायला यायला लागले. मिस्त्री आधी सांगायचा, "आमच्या एका बाईनं केलं." मग म्हणायला लागला, "आम्ही केलं." वर्ष सरलं तेव्हा तो "मी केलं" म्हणत होता, आणि मला वाटतं, तोवर त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. धंद्याच्या मासिकात फोटो आला. मिस्त्री चाकावर हात ठेवून उभा. मागं धाकटीचा अर्धा खांदा.

बायका चिडल्या. "तू बोलत का नाहीस? एरवी तर तुझ्या तोंडाला खळ नसतो."

धाकटी हसून वेळ मारून न्यायची. बोलली असती तर पुढचा प्रश्न आलाच असता. बडबड्या बाईला आकडा दिसला तरी पुरे होता, हँडल अडकवायची गरज काय? त्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते पहिल्या खुर्चीवर बसलेलं होतं. म्हणून जगात कुठल्याच गोष्टीवर गप्प न बसलेली ही बाई आपल्या शोधावर मूग गिळून गप्प राहिली, एक-दोन दिवस नाही, तीन वर्षं. मला तर चाकापेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं.

तीन वर्षांनी एक शिक्षिका आल्या. मुलांसाठी छोटी पुस्तकं लिहायच्या. रोजच्या वापरातल्या वस्तू कुणी शोधल्या, यावर. मासिकातला फोटो बघून त्या मिस्त्रीवर लिहायला आल्या होत्या. मालकांनी खुर्ची मागवली, चहा मागवला. मिस्त्रीनं इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलापाशी उभं राहून तो चाक कसं चालतं ते सांगत होता आणि शिक्षिका वहीत टिपून घेत होत्या. प्रश्न त्या मुलांसारखेच विचारायच्या, सरळ.

"हँडल अडकावं, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"म्हणजे... वेढे जास्त होऊ नयेत म्हणून."

"पण मोजून झाल्याचं कळायला घंटा लावली असती तरी चाललं असतं. ते जास्त सोपं नाही का? घंटा का नाही लावली?"

मिस्त्रीनं चाकाकडं बघितलं. मग मालकांकडं बघितलं. "घंटेचा आवाज... इथं आधीच गोंगाट," तो म्हणाला आणि घाम पुसायला लागला. शिक्षिकांनी लिहिलं नाही. पेन वहीवर तसंच धरून त्या थांबल्या. धाकटी आपल्या तारेकडं बघत हँडल फिरवत राहिली. उत्तर तिच्या ओठांवर होतं आणि तिनं दात घट्ट आवळले होते.

पहिल्या खुर्चीचं यंत्र थांबलं. थोरली उभी राहिली.

"आधी घंटाच लावली होती," ती म्हणाली. "हिनं. माझ्या धाकट्या जावेनं. ती वाजली की मी दार उघडायला जायचे."

सगळं टेबल थांबलं.

"चार वेळा गेले," थोरली म्हणाली. "बाहेर कुणी नसायचं. परत येऊन बसले की कितीवर होते ते कळायचं नाही. चौथ्या वेळी हिनं घंटा काढली. मला एक शब्द बोलली नाही. मग हँडल अडकवलं. मला आठवत नाही, बाई. तीन वर्षांपूर्वीच आठवेनासं झालं होतं, आता जास्त झालंय. माझी खुर्ची जाऊ नये म्हणून हिनं हे चाक केलं, आणि मी कशी आहे ते कुणाला कळू नये म्हणून त्यावरचं स्वतःचं नाव सोडून दिलं. मिस्त्री, मला उद्यापासून घरी बसवायचं तर बसवा. पण मुलांच्या पुस्तकात खोटं जायला नको."

"जाऊबाई, बसा खाली," धाकटी म्हणाली. "कशाला बोललात?"

"तू बोलणार नव्हतीस म्हणून."

मिस्त्री खाली मान घालून शिक्षिकांना म्हणाला, "त्या सांगतात ते खरं आहे. सगळंच. माझं नाव खोडा." आणि मालक काही म्हणायच्या आत त्यांच्याकडं वळला. "चाक लागल्यापासून निळ्या दोऱ्याची एकही मोटर परत आलेली नाही. हात यांच्यासारखा अजून कुणाचा नाही. मोजायचं काम चाकाचं आहे, ते कुणालाच लक्षात ठेवावं लागत नाही." मालकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि होकाराची मान हलवली.

शिक्षिकांनी वहीचं पान उलटलं. कोऱ्या पानावर काहीतरी लिहून त्या आपली खुर्ची उचलून स्वतः धाकटीशेजारी घेऊन आल्या. पण धाकटीच्या डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं आणि ती दोन्ही हातांनी पुसत होती.

थोरली खाली बसली होती. तिनं हँडल धरलं आणि हळूच धाकटीकडं वाकली.

"मी कितीवर होते गं?"

"मला नाही माहीत," धाकटी म्हणाली. "तुम्ही फिरवा, जाऊबाई. अडकेपर्यंत फिरवा."